हान्सेमानबद्दल थोडी भर

व्यापारी राजकारणात येतात ते फक्त धंदा सांभाळायला, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. एकोणिसाव्या शतकातला जर्मन व्यापारी आणि राजकारणी डेव्हिड हान्सेमानचंच बघा.

१७९० साली हॅम्बुर्गजवळ एका पाद्र्याच्या घरी जन्म. पुढे पश्चिम जर्मनीतल्या आखेन शहरात लोकरीचा व्यापार. १८२५च्या सुमारास त्याने अग्निविमा कंपनी काढली आणि तिचा निम्मा नफा लोकोपयोगी कामासाठी बाजूला ठेवायचं ठरवलं. त्या पैशातून १८३४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने कामगारांसाठी बचत बँक आणि त्यांच्या लहान मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मला त्याच्या मंत्रिपदापेक्षा हे काम मोठं वाटतं. जर्मनीतल्या कोलोनपासून बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरापर्यंतच्या रेल्वेसाठीही तो झटला, म्हणजे ऱ्हाईन नदीकाठच्या मालाला डच बंदरांवर अवलंबून राहावं लागू नये.

१८४५ मध्ये तो प्रशिया या जर्मन राज्यातल्या ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळात गेला. दोनच वर्षांनी प्रशियाच्या राजाला पूर्वेकडच्या रेल्वेसाठी कर्ज हवं होतं, तेव्हा बर्लिनमध्ये भरलेल्या सगळ्या प्रांतांच्या संयुक्त सभेत हान्सेमानने सुनावलं, ‘पैशाचा प्रश्न आला की गोडीगुलाबी संपते.’ जर्मनीत ती म्हणच होऊन बसली. सभा नियमित भरवण्याची हमी मिळेना, म्हणून सभेने कर्ज नाकारलं. रेल्वे तर सभेतल्या हान्सेमानसारख्या व्यापाऱ्यांनाही हवीच होती, तरी त्यांनी धंद्यापेक्षा ही हमी महत्त्वाची मानली!

एक मात्र खरं, मताधिकार मालमत्ताधारकांपुरताच असावा असं तो मानायचा. त्याची ही बाजू मला खटकते. १८४८ मध्ये काही महिने तो प्रशियाचा अर्थमंत्री होता, आणि १८५१ मध्ये त्याने डिस्कोंटो-गेझेलशाफ्ट ही बँक काढली. तीच १९२९ मध्ये डॉइश बँकेत विलीन झाली.