मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे पटापट जाताहेत, कोळंबी मात्र ठणठणीत. ऑक्सिजन कमी पडला की व्हेल्वेट (परजीवीमुळे होणारा माशांचा रोग)?

नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहितोय. घाईत आहे, तरी पुन्हा पुन्हा विचारायची वेळ येऊ नये म्हणून सगळं एकदाच मांडतो.

टाकी चार फुटी, खालचा संप (गाळणीची जोडटाकी) धरून पाणी साधारण ३०० लिटर. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंप). आमच्याकडचं बोअरचं पाणी फार जड, त्यामुळे आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरणारं) लावलंय. टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आल्याशिवाय मीठ कालवत नाही. टाकी जुनी आहे, आजवर व्यवस्थित चालली.

परवा सकाळी फॉक्सफेस तळाशी आडवा पडलेला दिसला. तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं पूर्ण पसरलेली. टाकीतला सगळ्यात मोठा मासा तोच. दुपारी फायरफिश गेला. काल पहाटे दोन हिरव्या क्रोमिस गेल्या. आता क्लाउनफिशची जोडी आणि एक क्रोमिस एवढेच उरलेत. क्लीनर कोळंबी मात्र दगडावर बसून नेहमीसारख्या मिशा हलवतेय, गोगलगायी काच चाटताहेत, झोअँथिड (प्रवाळासारखे जीव) पूर्ण उमललेले आहेत.

काल रात्रीचे आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास, पीएच ८.१, घनता १.०२५. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारी ३५ भाग मीठ) द्रावणावर लावून घेतलाय. तापमान सकाळी २८, दुपारी २९. एप्रिलमध्ये इथे बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, टाकीतून रोज बरंच पाणी उडतं. मीठ मागे राहतं म्हणून त्यात फक्त आरओचं पाणीच भरतो.

पहिला संशय लाइटवर गेला. फॉक्सफेस गेला त्या रात्री बराच वेळ लाइट नव्हती. एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे, संपची मोटर नाही. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. मोठा मासा आधी गेला, तोही पहाटे, तोंड उघडं ठेवून. हे सगळं ऑक्सिजनकडे बोट दाखवतं. पण त्यानंतर लाइट गेलेली नाही. दोन्ही वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवले, वर एअर स्टोनही लावला, तरी क्रोमिस गेल्याच. म्हणून नुसत्या ऑक्सिजनवर माझं मन बसत नाही.

दुसरा संशय डासांच्या फवारणीचा. गल्लीत धुराची गाडी येऊन गेली होती, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो. पण या औषधात पायरेथ्रॉइड असतं, ते माशांना घातक तसं कोळंबीला त्याहूनही घातक. कोळंबी कीटकांच्या नात्यातली. तसं काही पाण्यात उतरलं असतं तर आधी ती गेली असती. तांब्याचा अंश उतरला म्हणावं तर तेच, गोगलगायी टिकल्या नसत्या. शेजारचे काका "पाण्यातच काहीतरी आहे, सगळं पाणी बदलून टाक" म्हणतात. आकडे चांगले असताना तेवढा मोठा धक्का देणं मला पटत नाही.

आता ज्याची खरी भीती वाटतेय ते सांगतो. क्रोमिस महिनाभरापूर्वी मुंबईहून आणल्या. आधी वेगळ्या टाकीत ठेवून पाहिल्या, अंगावर एकही ठिपका नव्हता. पण व्हेल्वेटचा परजीवी आधी कल्ल्यांत बसतो, आणि अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरून जातो असं वाचलंय. परवापासून क्रोमिस वेव्हमेकरच्या धारेत तोंड देऊन एका जागी उभ्या राहत होत्या, दिवा लावला की दगडामागे जात होत्या. काल रात्री खोलीत अंधार करून क्लाउनफिशवर बाजूने बॅटरी मारली. मोठ्या मादीच्या पाठीवर, पराच्या मुळाशी, पिठूळ सोनेरी थर चमकल्यासारखा वाटला. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगातले मिठाच्या खड्यासारखे वेगवेगळे दाणे नव्हते, अगदी बारीक भुकटी होती. समोरून पाहिलं की काहीच दिसत नाही. श्वास मिनिटाला शंभरच्या वर मोजला. खाणं अजून घेतेय.

व्हेल्वेटच असेल तर पुढचं मला माहीत आहे: मासे वेगळ्या टाकीत काढून तांब्याचं औषध, आणि मोठी टाकी निदान सहा आठवडे माशांविना. मोठ्या टाकीत औषध घालता येत नाही, कोळंबी आणि गोगलगायी मरतील, शिवाय दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात. अडचण अशी की मासे पकडायचे तर सगळे दगड उपसावे लागतील. ऑक्सिजनचाच प्रश्न असेल तर दमलेल्या माशांना ही धावपळ उगाच व्हायची.

विचारायचंय ते हे. क्रोमिस बर्फावर ठेवली आहे, फ्रीझरमध्ये टाकलेली नाही, कारण गोठवल्यावर कल्ल्यांचा तुकडा पाहण्याजोगा राहत नाही. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथे घरगुती टाकीतला मासा सूक्ष्मदर्शकाखाली बघून देतात का, कुणी नेलाय का? मेलेल्या माशावरून परजीवी लवकर निघून जातात म्हणे, मग कालचा मासा नेऊन उपयोग होईल की जिवंत क्लाउनच न्यावा लागेल? कल्ल्याचा तुकडा घरच्या साध्या सूक्ष्मदर्शकात ओळखू येतो का?

तांब्याचं औषध आणि त्याची टेस्ट किट लातुरात मिळाली नाही. मात्रा औषधाच्या प्रकारानुसार दहापट बदलते, त्यामुळे किटशिवाय अंदाजाने घालणार नाही. सोलापूर, नांदेड किंवा संभाजीनगरला कुणाकडे दोन्ही शिल्लक असेल तर कृपया सांगा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकलंत तर पहाटे इथे उतरवून घेईन, पैसे लगेच पाठवतो.

वेगळी टाकी भरून, पाणी जुळवून, हीटर आणि हवा लावून तयार ठेवली आहे. औषध यायच्या आधीच उरलेले तिघे आज रात्री तिकडे हलवावेत की औषध हातात येईपर्यंत थांबावं? बाकीचं निवांत सांगा, एवढं मात्र आधी सांगा.