मदत हवी आहे: फ्रेंचमधली लिंगं, आर्टिकल आणि क्रियापदं डोक्यात कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जानेवारीपासून फ्रान्समध्ये, तुलूझला आहोत. मुलगी चार वर्षांची. इथे तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची, त्यामुळे आल्या आल्या ती शाळेत जायला लागली आणि तिचं फ्रेंच भराभर पुढे गेलं, मी मात्र अडकलेय. रोज ॲप करते, दोन-अडीचशे शब्द येतात, पण शब्द माहीत असणं वेगळं आणि तो वाक्यात घालून बोलणं वेगळं हे आता चांगलंच कळलंय.

सगळ्यात जास्त छळतात ती लिंगं. मला वाटलं होतं आपण मराठीत तीन सांभाळतो तर दोन काय अवघड, पण मराठीच आडवी येते हो! आपला चंद्र 'तो', यांची लून 'ती'. पुस्तक, दूध, घर, पाणी आपल्याकडे सगळी 'ते', इथे पुस्तक आणि दूध पुल्लिंगी, घर आणि पाणी स्त्रीलिंगी. पाठ करते आणि दोन दिवसांत उलटसुलट होतं.

मागच्या रविवारी बाजारात टोमॅटो दाखवले तर भाजीवाल्या बाईंनी विचारलं, "ऊन लीव्र?" मला लीव्र म्हणजे पुस्तक एवढंच माहीत, मी नुसती बघत राहिले, मागे रांग लागलेली, शेवटी एक बोट दाखवलं तर किलोभर टोमॅटो पिशवीत आले. घरी येऊन पाहिलं तर 'अं लीव्र' म्हणजे पुस्तक आणि 'ऊन लीव्र' म्हणजे अर्धा किलो! म्हणजे आर्टिकल बदललं की अर्थच बदलतो. त्या दिवशी फार वाईट वाटलं, इतकी वर्षं घर चालवलंय आणि साधी भाजी घेता येईना.

दुसरं म्हणजे एकाच कॉफीला तीन प्रकार. 'जेम ल काफे' मला कॉफी आवडते, 'ज ब्वा द्यु काफे' मी कॉफी पिते, आणि पीत नाही म्हटलं की 'पा द काफे'. का ते कुणी साध्या मराठीत सांगाल का प्लीज?

आणि क्रियापदं. सहा रूपं वहीत लिहिता येतात पण तोंडातून निघत नाहीत. 'इल सों' (ते आहेत) आणि 'इल झों' (त्यांच्याकडे आहे) तर मला सारखंच ऐकू येतं. त्यात इथे दक्षिणेत पावाला पँ म्हणायचं ते पँग असं ऐकू येतं, त्याने अजून गोंधळ. पुढच्या वर्षी डेल्फ ए-वन ही फ्रेंचची पहिल्या पातळीची परीक्षा द्यायचीय, 100 पैकी 50 लागतात आणि चारही भागांत 25 पैकी निदान 5, ऐकण्याच्या भागाची भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, मी अकरावी-बारावीला पुण्यात फ्रेंच घेतलं होतं, मार्क भरपूर मिळाले पण बोलायला आलं ते मॉन्ट्रियलला येऊन. एक करा, शब्द एकटा पाठ करूच नका, आणि ल-ला (पुल्लिंगी ल, स्त्रीलिंगी ला) लावून पण नको, अं-ऊन (पुल्लिंगी अं, स्त्रीलिंगी ऊन) लावून करा. कारण शब्द स्वराने सुरू झाला की ल आणि ला दोन्हींचा नुसता 'ल्' उरतो, लोरांज म्हटलं तर कळणार कसं तो की ती? 'ऊन ओरांज' म्हटलं की बसलं. शेवटावरूनही बरंच कळतं, स्यों-वाले जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी (ऊन स्तास्यों), आज-वाले बहुतेक पुल्लिंगी (अं फ्रोमाज, अं व्हायाज), पण प्लाज आणि इमाज स्त्रीलिंगी, ते लक्षात ठेवावंच लागतं. मराठी लिंगाशी जोडी लावायला जाऊच नका.
कॉफीचं असं बघा. आवडते म्हणता तेव्हा कॉफी ही अख्खी गोष्टच आवडते, म्हणून ल. पिता ती त्यातली थोडी, आपण 'त्यातलं दे जरा' म्हणतो ना, तेच द्यु. आणि पीतच नाही तर त्यातलं काही उरलंच नाही, मग फक्त द. पण आवडत नाही म्हणताना ल तसाच राहतो हं, 'ज नेम पा ल काफे'. माप आलं तरीही द, 'ऊन लीव्र द तोमात'.

प्रतिसाद:
क्रियापदं वहीत नको, कानाने शिका. पार्ले म्हणजे बोलणे घ्या. लिहिताना सहा रूपं, पण मी, तू, तो आणि ते या चौघांनाही उच्चार एकच, पार्ल. वेगळे फक्त नू पार्लों आणि वू पार्ले. त्यात रोजच्या बोलण्यात 'आम्ही'साठी लोक नू सोडून 'ओं पार्ल' म्हणतात, म्हणजे तोंडाला उरली दोनच. एत्र (असणे), अव्ह्वार (जवळ असणे), आले (जाणे), फेर (करणे) ही चार मात्र घोकावी लागतात. तुमच्या सों-झोंचं म्हणाल तर, स ऐकू आला तर 'ते आहेत', झ ऐकू आला तर 'त्यांच्याकडे आहे', मुलीला दोन्ही आलटून पालटून म्हणायला लावा आणि तुम्ही ओळखा.
भूक, थंडी, वय सांगताना इंग्रजीवरून जाऊ नका, तिथे अव्ह्वारच लागतं. 'जे फँ', आपलं 'मला भूक आहे' त्याच्या जास्त जवळ आहे. आणि त्यु-वू म्हणजे सरळ आपलं तू-तुम्ही, दुकानात कायम वू.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! वहीतले सगळे शब्द अं-ऊन लावून परत लिहून काढले, मुलगी रात्री स-झ चा खेळ घेते. आज त्याच बाईंकडे गेले, "ऊन लीव्र द तोमात, सिल व्हू प्ले" म्हटलं आणि बरोब्बर अर्धा किलो मिळाले!! पण मग त्या म्हणाल्या "ए आव्हेक ससी?" आणि मी परत गप्प. हे काय असतं?

प्रतिसाद:
"याबरोबर आणखी काय देऊ?" प्रत्येक दुकानात विचारतात. काही नको असेल तर "से तू, मेर्सी" म्हणायचं.