काळे कुत्रे, जाळीमागची मांजरे आणि दत्तकासाठीचे फोटो

रविवारची स्वयंसेविका

नमस्कार. पुण्याजवळच्या एका प्राणी-निवाऱ्यात मी दर रविवारी मदतीला जाते. पिंजरे धुणे, औषधे देणे ही कामे आता अंगवळणी पडली आहेत; मात्र दत्तक द्यायच्या प्राण्यांचे फोटो काढण्याचे काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आले आणि त्यात माझी पुरती फजिती होत आहे. शेड पत्र्याची आहे, बाजूंना हिरवी जाळी आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर निळी ताडपत्री चढते. हाताशी फक्त मोबाइल आहे. तांबूस आणि पांढऱ्या कुत्र्यांचे फोटो बरे येतात, पण आमच्याकडे सर्वांत जास्त काळ राहिलेले जे तीन काळे गावठी कुत्रे आहेत, त्यांचा फोटोत नुसता काळा आकार उमटतो. डोळे कुठे आहेत हेही कळत नाही. फ्लॅश लावला तर डोळे हिरवे चमकतात. मांजरांच्या बाबतीत मध्ये जाळी येते. शिवाय एका तीन पायांच्या कुत्रीचा फोटो काढताना तिचा नसलेला पाय दाखवावा की नाही, यावर आम्हां स्वयंसेवकांचे एकमत होत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सावलीतला फोटोवाला

ताई, अडचण कुत्र्याच्या रंगापेक्षा जागेची अधिक आहे. मोबाइल चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. शेडच्या आत उभे राहून आपण बाहेरच्या दिशेने फोटो काढत असाल, तर मागचा लख्ख उजेड सांभाळण्याच्या नादात तो पुढच्या काळ्या कुत्र्याला अंधारात ढकलतो. म्हणून दिशा उलटी करावी: कुत्र्याला शेडच्या दाराशी सावलीत आणावे, त्याचे तोंड मोकळ्या आभाळाकडे असावे आणि मागे मातीची भिंत किंवा झाडाचे खोड असे काहीतरी मध्यम रंगाचे असावे. मग त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बाजूला येणारे सूर्याचे चिन्ह किंचित वर सरकवावे. मात्र कुत्र्याने सगळी चौकट व्यापली असेल, तर मोबाइल नेमकी उलट चूक करतो आणि काळ्या केसांना राखाडी करून टाकतो. तेव्हा तेच चिन्ह खाली आणावे लागते. थर्मोकोलची पांढरी शीट किंवा धुतलेली चादर कुणी समोरून तिरकी धरली की डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका येतो, आणि त्या ठिपक्यानेच चेहरा जिवंत दिसतो.

हिरव्या जाळीखाली आणि निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढूच नयेत. तो रंग केसांवर उतरतो आणि धडधाकट प्राणीही आजारी वाटतो. फ्लॅश तर विसराच: कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे त्यांना अंधुक उजेडात चांगले दिसते आणि त्यामुळेच फ्लॅशमध्ये ते डोळे दिव्यासारखे पेटतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम उरकावे. पावसाळ्याबद्दल आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, पण पाऊस थांबलेला ढगाळ दिवस काळ्या कुत्र्यासाठी सर्वांत उत्तम. आणखी एक गोष्ट अशी की, मोबाइल नाकाला भिडवू नये, नाक वांग्याएवढे दिसते. चार पावले मागे सरून दुप्पट झूम वापरावा.

जुनी खिचडीवाली

उजेडाचे वरती नीट सांगितले आहेच, म्हणून मी प्राण्याच्या बाजूने लिहिते, कारण बारा वर्षे निवाऱ्यात खिचडी शिजवताना मी वाईट फोटो पुष्कळ पाहिले आणि त्यांतले बहुतेक घाईने वाईट झालेले होते. पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशातच ठेवावा. कुत्रा वारंवार ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, कान मागे पाडून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, तर तो घाबरलेला आहे; आणि पाहणाऱ्याला ते नेमके कळले नाही, तरी ‘हा चावेल की काय’ एवढे मनात येतेच. त्याला आधी फिरवून आणावे. फिरून आलेल्या कुत्र्याचे तोंड सैल उघडे असते, ते लोकांना हसू वाटते. (कडक उन्हातली धाप मात्र हसू नव्हे, त्या वेळी पाणी द्यावे.)

अमेरिकेत पेटफाइंडर या संकेतस्थळावरील लॅब्राडॉर-मिश्र कुत्र्यांच्या फोटोंचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. फोटो मोकळ्या जागेत काढलेला असला, अस्पष्ट नसला आणि कुत्रा थेट कॅमेऱ्याकडे पाहत असला, तर तो लवकर दत्तक जातो असे त्यात आढळले. पण पंचाईत अशी की रोखलेली नजर, मग ती माणसाची असो वा भिंगाची, कुत्र्याला धमकीसारखी वाटते. म्हणून आपण जमिनीवर बाजूला वळून बसावे, मोबाइल छातीशी धरावा आणि खेळण्याची पिपाणी एकदाच वाजवावी. पहिल्या आवाजाला तो कान टवकारून अर्धा क्षण पाहतो, तेवढ्यात सलग दहा-बारा फोटो घ्यावेत. दुसऱ्या आवाजाला तो कंटाळतो आणि तिसऱ्याला ती पिपाणी हिसकवायला येतो.

मांजराला पिंजऱ्याबाहेर काढता येत नसेल, तर भिंग जाळीच्या भोकाला अगदी चिकटवावे. मांजर जाळीपासून जितके दूर बसलेले असेल, तितकी जाळी दिसेनाशी होते. त्याला उजेडाच्या बाजूला येऊ द्यावे, म्हणजे अंधारात मोठ्या झालेल्या बाहुल्या लहान होतात आणि चेहऱ्यावरचा भेदरलेला भाव जातो.

न विचारलेलेही सांगते: मोबाइलच्या कॅमेऱ्यातील ठिकाणाची नोंद बंद ठेवा आणि निवाऱ्याची पाटी फोटोत येऊ देऊ नका. पत्ता पसरला की दत्तक घेणाऱ्यांच्या आधी खोक्यात पिल्ले सोडून जाणारे येतात.

दुसरा मजला, डावीकडे

मी फोटोवाला नाही; फोटो पाहून कुत्रा घरी आणणारा आहे. आम्हांला दिसला होता फक्त एक गोड चेहरा, आणि प्रत्यक्षात भेटला तो माझ्या मांडीपर्यंत येणारा, जिना चढायला घाबरणारा धिप्पाड गडी. तो आमच्याकडे टिकला, पण पहिला महिना सोपा गेला नाही. म्हणून विनंती अशी की चेहऱ्याच्या फोटोबरोबर एक फोटो कुणाच्यातरी गुडघ्याशेजारी उभा असलेला, बाजूने, चारही पाय दिसतील असा द्यावा.

तीन पाय असतील तर तीन दिसू द्यावेत. लपवले तर भेटीच्या दिवशी समोरच्याचा चेहरा पडतो आणि ती कुत्री परत पिंजऱ्यात जाते. जखमेचा किंवा थोटक्या पायाचा जवळून काढलेला फोटो मात्र पहिला नसावा. त्याने उपचारांसाठी पैसे जमतील, घर मिळेल असे वाटत नाही. ती धावताना काढा, कारण तीन पायांवर किती सहज धावते हेच लोकांना ठाऊक नसते. कानाची खूणही फोटोतून कापू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानावर ती खूण केली जाते; अनेकांना ती इजा वाटते, म्हणून खाली एका ओळीत खुलासा करावा.

रविवारची स्वयंसेविका

सर्वांचे मनापासून आभार. काल दाराशी, मागच्या चिऱ्याच्या भिंतीसमोर तिन्ही काळ्यांचे फोटो काढले. थर्मोकोलची शीट धाकट्याने पहिल्या पाच मिनिटांत फाडली, मग चादरीवर भागवले. तिघांपैकी दोघांच्या भुवयांवर तांबूस ठिपके आहेत, हे इतक्या महिन्यांत मला प्रथमच दिसले. तीन पायांची कुत्री धावताना टिपायला मोबाइल अपुरा पडतो आहे, सगळे फोटो हलले. त्याऐवजी सात-आठ सेकंदांची चित्रफीत टाकली तर चालेल का?

जुनी खिचडीवाली

चालेल. चित्रफीत आडवी न काढता उभी काढा, कारण पाहणारे मोबाइल उभाच धरतात, आणि शेवटी ती आपल्याकडे येऊन थांबेल असे पाहा. पिपाणी एकदाच.