मदत हवी आहे : मिनेसोटाच्या थंडीत टिकणारी हिरवळ कशी करावी?

सप्रेम नमस्कार. आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो आणि घरामागे सुमारे १,००० चौरस फूट जागेत नव्याने हिरवळ करायची आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा जुने गवत करड्या बुरशीच्या गोल चकत्यांत जमिनीला चिकटून बसले होते आणि मेपलच्या सावलीत तर माती बोटाने उकरली तरी मुळे हाताला लागत नव्हती. फार वाईट वाटले.

केंटकी ब्ल्यूग्रास या जातीचे गवत कडाक्याची थंडी सोसते व जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरून मोकळ्या जागा भरून काढते, मात्र त्याला भरपूर ऊन लागते आणि उगवायला २ ते ४ आठवडे जातात. बारीक पात्याचे फेस्क्यू सावलीत, कमी खतावरही तग धरते. बहुवर्षायू रायग्रास आठवडाभरात उगवते, पण कडक हिवाळ्यात दगा देते, म्हणून ते मी टाळणार आहे. उन्हात ब्ल्यूग्रास आणि मेपलखाली फेस्क्यू, हे योग्य ठरेल का?

खरी अडचण वेळेची आहे. ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर पेरणी उत्तम, कारण तेव्हा माती उबदार असते; परंतु त्याच सुमारास आम्ही गणपतीसाठी पुण्याला जातो आणि कोवळ्या रोपांना रोज पाणी घालायला मागे कोणी नसते. त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्याच्या बेतात असताना, बी टाकून ते वसंतात उगवू देण्याचा प्रयोग कोणी केला आहे का? आमच्या अंगणाला थोडा उतार आहे. वितळत्या बर्फाबरोबर बी वाहून जाऊ नये म्हणून वर काय पसरावे?