मदत हवी आहे : दुबईतील सेलच्या सवलती पर्यटकाला कशा मिळवता येतील?

नमस्कार मंडळी. जानेवारीत, दुबई शॉपिंग फेस्टिव्हलच्या काळात, आम्ही पती-पत्नी रत्नागिरीहून पर्यटक व्हिसावर तेथे जात असून मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेणार आहोत. किमान २५० दिरहमांच्या खरेदीवर ५ टक्के व्हॅटचा परतावा मिळतो, त्यासाठी बिल करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो आणि सामान चेक-इन करण्यापूर्वी विमानतळावर पडताळणी करून घ्यावी लागते, ही माहिती काढली आहे.

अडचण सवलतीची आहे. खोडलेल्या किमतीखाली बारीक अक्षरांत ‘केवळ स्थानिक बँकेच्या कार्डावर’ असे लिहिलेले असते, आणि सदस्यांच्या सवलतीसाठी दुकानाच्या ॲपवर नोंदणी करू गेल्यास ९७१ ने सुरू होणारा तेथील मोबाइल क्रमांकच मागितला जातो; भारतीय क्रमांक तेथे स्वीकारला गेला नाही. ओळखीच्यांच्या कार्डावर पैसे भरण्याचा सल्ला मिळाला, परंतु कोणाला भिडेस घालणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. आमच्याकडे रोख दिरहम व भारतीय कार्ड असेल, मुक्काम देरा भागात आहे. कीबोर्डवर अरबी अक्षरे असली तरी चालतील, हमी मात्र भारतात लागू हवी.

राजापूर, दापोलीकडील अनेकांची माणसे आखातात असल्याने येथे विचारत आहे : पर्यटक सिमच्या क्रमांकावर सदस्यांची सवलत मिळते का, आणि अशा सवलतीच्या बिलावर व्हॅटचा परतावाही घेता येतो का?