कार्टून काढायला शिकताना: तुमचे अनुभव

नवशिके आणि हात बसलेले, दोघांनीही लिहा. बघून काढणं एक वेळ जमतं. पण मनातलं पात्र एकदा उतरवलं आणि दुसऱ्यांदा काढायला गेलं की ते भलतंच कुणीतरी होतं. माझं घोडं तिथेच अडलंय. तुम्ही काय केलंत?

*

मापं ठरवा. माझं पात्र किती डोकी उंच, म्हणजे त्याच्याच डोक्याच्या उंचीच्या किती पट, हे मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. खरा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो; कार्टूनमधलं गुटगुटीत पोर दोन-तीन डोक्यांत बसतं. मग समोरून, पाऊण वळलेलं आणि बाजूनं अशी तीन डोकी शेजारी शेजारी काढायची आणि डोळे, नाक, हनुवटी यांच्या आडव्या रेघा पट्टीनं तिन्हींतून ओढायच्या. ॲनिमेशनवाले असल्या कागदाला मॉडेल शीट म्हणतात. काम कंटाळवाणं आहे, पण इलाज तोच.

*

मान वळवताना माझी दांडी उडायची. गोल काढा, त्यावर अधिकचं चिन्ह करा, हे सगळेच सांगतात. पण त्या रेघा सरळ ठेवल्या की चेहरा ताटलीवर चिकटवल्यासारखा दिसतो. शेवटी एका चेंडूवर पेनानं उभी-आडवी रेघ मारली आणि तो फिरवून पाहिला. वर कलवला की आडवी रेघ कमानीसारखी वर वाकते. बाजूला वळवला की उभी रेघ कडेला सरकते, म्हणून पलीकडचा डोळा अरुंद काढायचा. हे कुणी आधी का सांगत नाही?

*

भुवया! तोंड तेच ठेवा, फक्त भुवया बदला. आतली टोकं खाली, राग. आतली टोकं वर, रडवेला. एक वर एक खाली, संशय.

*

हात जमत नसतील तर तीन बोटं आणि अंगठा काढा, कुणी हटकत नाही. 1928 साली पडद्यावर आलेल्या मिकी माउसलाही तेवढीच आहेत. हजारो चित्रं हातानं काढायची तर एक बोट कमी म्हणजे बरीच मेहनत वाचली.

*

मला हे गोल-चौकोन कधी मानवलेच नाहीत. सांगाडा केला की चित्र ताठ येतं. मी आधी कण्याची एकच वळणदार रेघ ओढतो, पळणाऱ्याची, रुसलेल्याची, आणि बाकीचं तिच्यावर चढवतो. थेट पेनानं. बिघडलं तर शेजारी दुसरं.

*

मी टॅबलेटवर काढते. स्टॅबिलायझर चालू केला की थरथरती रेघही गुळगुळीत येते, पण खरी कामाची सोय म्हणजे चित्र आरशासारखं उलटवून बघणं. वर चढलेला डोळा लगेच पकडला जातो. कागदवाल्यांनी कागद पालटून उजेडासमोर धरावा.

आणि केसांबद्दल कुणीतरी लिहा ना! माझ्या सगळ्या पात्रांनी टोप्या घातल्यात.