हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, बफर कमी केला की कडकड

खर्जातला_सा
घरी गायन रेकॉर्ड करतोय. विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, कंडेन्सर माइक, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४४.१ किलोहर्ट्झ, बफर (एका खेपेला किती नमुने, म्हणजे सॅम्पल, हाताळायचे) ५१२. गाण्याच्या ट्रॅकवर ऑटो-ट्यून, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब. सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू आणि लिमिटर.

हेडफोनमध्ये आवाज इतका मागून येतो की लय सुटते. बफर ६४ केला तर कडकड सुरू होते, आणि उशीर तरीही जाणवतोच. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की एकाऐवजी दोन आवाज ऐकू येतात. शिवाय रेकॉर्ड झालेलं गाणं, म्हणजे टेकही वाद्यांच्या ट्रॅकच्या किंचित मागे वाटतो. सुरुवात कुठून करू?

मंद्र_मध्य_तार
आधी मास्टर ट्रॅकचे सगळे प्लगइन (ईक्यू, लिमिटर असे इफेक्ट) बंद करा आणि पुन्हा गाऊन बघा. बहुतेक उशीर तिथूनच येतोय.

हिशोब असा. बफरला सॅम्पल रेटने भागलं की एका बाजूचा उशीर निघतो. ५१२ भागिले ४४१०० म्हणजे ११.६ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून २३.२. वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचे दोन-चार मिलिसेकंद. बफर १२८ वर आणला तर हेच सगळं मिळून नऊ-दहाच्या आसपास येतं, आणि तेवढ्यात बहुतेकांना निवांत गाता येतं.

पण लिनिअर फेज ईक्यूला पुढचे सॅम्पल हातात आल्याशिवाय काम करता येत नाही. असा एखादा ईक्यू ४०९६ सॅम्पल थांबवून धरत असेल, तर एकट्याचे ९३ मिलिसेकंद झाले. पुढचा आवाज आधी बघून घेणारा लुकअहेड लिमिटर त्यात भर घालतो. हा उशीर बफरच्या बाहेरचा आहे, म्हणून बफर ६४ करूनही फरक पडला नाही. रीपरमध्ये एफएक्सची खिडकी उघडली की खाली सीपीयूच्या आकड्याशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो. शून्य नसेल तो प्लगइन रेकॉर्डिंग होईपर्यंत बंद. मास्टरिंगचे प्लगइन मिक्स झाल्यावर लावायचे असतात, गाताना त्यांचं काहीच काम नाही.

प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस, तिथे ऑडिओ सिस्टिम एसिओ (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) आहे ना तेही बघा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडा. एसिओ-फॉर-ऑल हे विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे, कंपनीचा ड्रायव्हर नसेल तेव्हाच वापरायचं. आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा उशीर साधारणपणे शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो, तो कुठल्याही सेटिंगने जात नाही.

वायर_तपासा_आधी
वरचं सगळं बरोबर, पण गायकासाठी डायरेक्ट मॉनिटरिंगच धरा. माइकचा आवाज इंटरफेसमधूनच हेडफोनला जातो, लॅपटॉपपर्यंत जाऊन परत येत नाही. मग बफर ५१२ असो की १०२४, गाणाऱ्याला फरक पडत नाही.

दोन आवाज येतात कारण रीपरही तोच आवाज परत पाठवतोय. गाण्याच्या ट्रॅकवर रेकॉर्ड बटणाजवळ स्पीकरचं चिन्ह आहे, ते रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. तरीही दुसरा आवाज राहिला तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या माइकच्या लिसन टॅबवर ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ला टिक नाही ना, ते पाहा.

उशीर पाच मिलिसेकंदांवर आला तरी त्रास संपत नाही, हे लक्षात घ्या. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, तो लगेच. हेडफोनमधला पाच मिलिसेकंद मागून आला की दोन्ही मिसळून १००, ३००, ५०० हर्ट्झ असे ठराविक पट्टे दबतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ वाटतो. गायक मग जोर लावतो किंवा सुराला खाली जातो. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये हे जवळजवळ होत नाही. तिथेही आवाज पातळ वाटला आणि इंटरफेसच्या मिक्सरमध्ये पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटवायची सोय असेल, तर तीही उलटवून बघा.

खर्जातला_सा
मास्टर रिकामा केला, मोठा फरक पडला. डायरेक्ट मॉनिटरने उशीर पूर्ण गेला. पण आवाज फक्त डाव्या कानात येतो, आणि रिव्हर्बशिवाय फार कोरडं वाटतं.

वायर_तपासा_आधी
डाव्या कानाचं कारण: डायरेक्ट मॉनिटर स्टिरिओवर आहे, इनपुट १ डावीकडे आणि २ उजवीकडे. स्विच मोनोवर न्या.

रिव्हर्बसाठी नवीन ट्रॅक घ्या, इनपुट तोच माइक. रेकॉर्ड बटण दाबून आर्म (रेकॉर्डिंगला तयार) करा, मग त्यावर राइट क्लिक करून ‘रेकॉर्ड: डिसेबल, इनपुट मॉनिटरिंग ओन्ली’ निवडा आणि याच ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेवा. त्यावर रिव्हर्ब, वेट (रिव्हर्बचा आवाज) पूर्ण आणि ड्राय (मूळ कोरडा आवाज) अगदी बंद. ड्राय थोडं जरी राहिलं तरी दुसरा आवाज परत येईल. आता कोरडा आवाज इंटरफेसमधून लगेच येतो आणि रिव्हर्बची शेपटी वीस-पंचवीस मिलिसेकंद मागून. रिव्हर्बला तसाही प्री-डिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा थोडा उशीर, देतात, त्यामुळे हा उशीर खटकत नाही, उलट शब्द मोकळे ऐकू येतात. मूळ ट्रॅकवर फक्त कोरडा आवाज रेकॉर्ड होतो, जो मिक्सला हवाच असतो.

ऑटो-ट्यून मात्र डायरेक्ट मॉनिटरमध्ये ऐकू येणार नाही. तो ऐकतच गायचं असेल तर डायरेक्ट बंद, बफर ६४ किंवा १२८, प्लगइनमधला लो लेटन्सी (कमी उशिराचा) मोड चालू आणि ट्रॅकवर दुसरं काही नाही.

शून्य_डेसिबल
त्या ६४ च्या कडकडीबद्दल. वाद्यांचा अख्खा प्रोजेक्ट चालू ठेवून गाऊ नका. त्याची एक स्टिरिओ वेव्ह फाइल रेंडर करा, म्हणजे सगळं मिळून एकच ऑडिओ फाइल बनवा, सॅम्पल रेट तोच ठेवून, आणि नव्या प्रोजेक्टमध्ये ती एकच फाइल व गाण्याचे ट्रॅक ठेवा. सीपीयू मोकळा होतो. तरी कडकडलं तर वाय-फाय बंद करा, चार्जर लावून पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, इंटरफेस हबमधून न जोडता थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. कुठला ड्रायव्हर अडवतोय हे लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दाखवतं. पुष्कळदा नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा असतो.

टेक मागे पडणं हे वेगळं दुखणं आहे. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंग, तिथे ‘यूज ऑडिओ ड्रायव्हर रिपोर्टेड लेटन्सी’ला टिक करा. ड्रायव्हर नेमका आकडा सांगत नसेल तर मोजावं लागतं. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचा क्लिक ऑडिओ म्हणून ठेवा. इंटरफेसच्या आउटपुट १ मधून इनपुट १ ला केबल लावा, इनपुट लाइनवर, फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला जाणारी वीज) बंद. डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंदच हवं, नाहीतर आवाज फिरत राहून शिट्टी बसेल. हेडफोन कानावरून काढूनच हे करा. क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि झूम करून दोन टोकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ९० सॅम्पल मागे असेल, म्हणजे साधारण दोन मिलिसेकंद, तर ९० हा आकडा त्याच पानावर इनपुट मॅन्युअल ऑफसेटमध्ये घाला. परत रेकॉर्ड करून बघा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं करा. ड्रायव्हर अपडेट केला किंवा सॅम्पल रेट बदलला की हे माप नव्याने घ्यायचं.